परसातील तणे : शाक म्हणून आणि औषध म्हणून

मृगाच्या सरी पडून आठ-पंधरा दिवस उलटले की परसात, कुंपणाच्या कडेला आणि पडीक जागेत ज्या वनस्पती आपोआप उगवतात त्यांना शेतकरी तण म्हणतो, निघंटुकार त्यांपैकी कित्येकांची गणना शाकवर्गात करतात आणि आपण वैद्य त्यांना औषधी द्रव्ये म्हणून ओळखतो. वस्तू एकच असली तरी ती शाक म्हणून पानात वाढली जाते तेव्हा तिच्याविषयी कोणी वैद्यास विचारीत नाही, आणि औषध म्हणून दिली जाते तेव्हा तिची मात्रा तोळ्या-माशांत मोजली जाते. या दोहोंच्या मध्ये जी मोकळी जागा राहते तिच्यात आपल्या व्यवसायातील काही चुका घडतात. प्रस्तुत लेख त्या जागेविषयी आहे.

अलीकडे रानभाज्यांविषयी समाजात मोठे कुतूहल निर्माण झाले आहे. कृषी विभागातर्फे जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरतात, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत पाककृती येतात आणि रुग्ण पिशवीत जुडी घेऊन चिकित्सालयात येतात. हे सर्व स्वागतार्हच आहे. मात्र ‘ही भाजी खाल्ली तर चालेल का?’ या प्रश्नाला ‘हो, उत्तम आहे, पचायला हलकी आहे’ असे सरधोपट उत्तर देण्याची आपल्यालाही सवय लागली आहे. वस्तुतः शाकांविषयी आपले ग्रंथकार एवढे उदार नाहीत. पत्रशाके बहुतांशी गुरू, रूक्ष, विष्टंभी आणि मलवातवर्धक असतात, असे भावप्रकाशकार शाकवर्गाच्या आरंभीच सांगतात. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात अशा शाकांच्या संस्काराचा विधी दिला आहे : शाक स्विन्न करावे, त्याचा रस पिळून टाकावा आणि भरपूर स्नेहात ते सिद्ध करावे. आपल्या घरांत आजीच्या पिढीपर्यंत भाजी उकडून, पिळून, मग लसणीच्या फोडणीवर परतण्याची रीत होती ती हीच. ‘पाण्याबरोबर जीवनसत्त्वे जातात’ असे सांगून आहारतज्ज्ञांनी ती मोडून काढली. पालक-मेथीपुरते ते म्हणणे एकवेळ ठीक आहे. परंतु तणवर्गीय शाकांत त्या पाण्याबरोबर आणखी काय जाते हे पाहणे आवश्यक आहे.

पुनर्नवा

प्रथम ओळख. आयुर्वेदीय फार्माकोपियात रक्तपुनर्नवा म्हणून स्वीकारलेली वनस्पती बोअऱ्हाविया डिफ्यूजा ही होय. जमिनीवर पसरणारे, लालसर झाक असलेले कांड; समोरासमोरच्या जोडीत एक पान मोठे व एक लहान; पानाची खालची बाजू पांढुरकी; गुलाबी-लाल, अगदी बारीक पुष्पे झुपक्यांनी येतात आणि पाच कंगोऱ्यांची चिकट फळे चालताना वस्त्रास चिकटतात. मूळ जाड, बहुवर्षायू असते. उन्हाळ्यात वरचा विस्तार सुकला तरी मूळ जिवंत राहते व पावसाबरोबर पुन्हा फुटते. वर्षाभू आणि पुनर्नवा ही नावे त्यावरूनच आली.

हिच्याच शेजारी, पुष्कळदा एकाच वाफ्यात, ट्रायान्थिमा पोर्चुलाकॅस्ट्रम उगवते. तिचीही पाने जोडीत लहान-मोठी असतात, तीही जमिनीवर पसरते, आणि कित्येक ठिकाणी तिला श्वेत पुनर्नवा म्हणूनच विकले जाते. घेटुळी, वसू, खापरा ही लोकनामे तर जिल्हा बदलला की या दोन वनस्पतींत अदलाबदलीने वापरली जातात, त्यामुळे नावावर विसंबणे व्यर्थ आहे. भेद असा की ट्रायान्थिमा मांसल व रसाळ असते, तिचे फूल एकटे, देठावाचून, पर्णवृंताच्या पिशवीसारख्या भागात जवळजवळ दडलेले असते आणि तिचे बीज काळे, मूत्रपिंडाच्या आकाराचे असते. चिकट फळांचे झुपके तिला कधीही येत नाहीत. तिची कोवळी शेंडे भाजीत चालतात. जून पानांनी मात्र अतिसार होतो. मूळ तीव्र विरेचक असून गर्भिणीस सर्वथा वर्ज्य आहे. फूल येण्यापूर्वी, म्हणजे नेमक्या भाजीच्या दिवसांत, या दोघींत गल्लत होणे सर्वांत सोपे असते.

आता ओळख बिनचूक असूनही काय घडू शकते ते सांगतो. २०११ च्या श्रावणातील ही गोष्ट. व्यवसायास आठ वर्षे झाली होती आणि शोथावर पुनर्नवा हे समीकरण मनात पक्के बसले होते. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ दोन्ही पायांवरील सूज घेऊन आले. मधुमेह बारा वर्षांचा, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू. नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, सूज दाबून पाहिली. मूत्र किती होते ते विचारले. रक्ततपासणी मात्र सांगितली नाही. पुनर्नवाष्टक क्वाथ लिहून दिला आणि त्यांच्या पत्नीस म्हणालो, ‘काकू, तुमच्या परसात घेटुळी आहे ना? तिची भाजी करून घाला.’ किती, किती दिवस, कशी शिजवून, यातील काहीही मी बोललो नाही.

दहा दिवसांनी सूज निम्म्याने उतरली. काकूंचा विश्वास वाढला, माझाही. भाजी दोन्ही वेळा होऊ लागली. सत्त्व वाया जाऊ नये म्हणून उकडलेले पाणी काका प्यायले. त्या जोडीला घोळीची भाजी आणि ‘लघवी साफ होते’ म्हणून रोज एक शहाळे, असा क्रम तीन आठवडे चालला. चौथ्या आठवड्यात मुलगा त्यांना हाताला धरून घेऊन आला. पायांत बळ नव्हते, जीव घाबरा होत होता, नाडी मंद व मध्येच चुकणारी होती. त्या क्षणी मी काही औषध दिले नाही एवढे एक शहाणपण घडले. तडक जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णालयात पाठविले. सीरम पोटॅशियम ६.८ आणि क्रिएटिनीन ४.१ निघाले. हृदयालेखात पोटॅशियमवाढीची लक्षणे स्पष्ट होती. कॅल्शियम ग्लुकोनेट, इन्शुलिन-ग्लुकोज आणि पुढे एक वेळ डायलिसिस करावे लागले. काका वाचले. तेथील वैद्यकाने मला दूरध्वनी करून एवढेच विचारले, ‘क्रिएटिनीन आधी किती होते?’ माझ्यापाशी उत्तर नव्हते.

पुनर्नवेत पोटॅशियमचे क्षार, विशेषतः पोटॅशियम नायट्रेट, विपुल असतात आणि तिच्या मूत्रल कर्माचा काही अंश त्याकडे बोट दाखवून सांगितला जातो. ज्याची वृक्के धड आहेत तो हे पोटॅशियम सहज बाहेर टाकतो. ज्याची वृक्के निम्म्याहून अधिक निकामी आहेत त्याला ते टाकता येत नाही. आणि शोथ घेऊन येणाऱ्या मधुमेही रुग्णांत असे रुग्ण थोडे नसतात. त्यात टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारखी द्रव्ये किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर पोटॅशियम बाहेर जाण्याची उरलीसुरली वाटही अरुंद होते. शहाळे आणि घोळ यांनी त्यात भरच घातली. म्हणजे ज्या रुग्णात पुनर्नवा आठवावी असे लक्षण दिसते, नेमक्या त्याच रुग्णात ती मोजून द्यावी लागते.

तेव्हापासून माझा नियम असा : शोथाचा रुग्ण असल्यास क्रिएटिनीन आणि पोटॅशियम पाहिल्याशिवाय पुनर्नवेची भाजी सांगावयाची नाही. दोन्ही प्राकृत असल्यास आठवड्यातून दोनदा, एक वाटी, उकडून-पिळून. क्रिएटिनीन वाढलेले असल्यास शाक नाही. क्वाथ द्यावयाचाच झाला तर रुग्णाच्या वृक्कतज्ज्ञास कळवून आणि दर पंधरवड्यास पोटॅशियम पाहून. काही ज्येष्ठ वैद्यमित्रांना हे अतिसावध वाटते. मुंबई-पुण्यात तपासण्या हाताशी असतात, खेड्यात कुठल्या, असे ते म्हणतात. परंतु क्रिएटिनीनची सोय आता बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी आहे, आणि जेथे ती नाही तेथे शोथावर भाजी न सांगणे तर निश्चितच शक्य आहे.

घोळ, आंबुशी, तांदुळजा

घोळ म्हणजे लोणिका, पोर्चुलाका ओलेरेशिया; विदर्भात चिवळ म्हणून खातात ती तिचीच बारीक पानांची बहीण, पोर्चुलाका क्वाड्रिफिडा. अम्लरस, शीतस्पर्शी, ताकात किंवा डाळीत शिजवून उत्तम लागते. वनस्पतिज ओमेगा-३ मेदाम्लांसाठी तिची अलीकडे ख्याती झाली आहे व ती खोटी नाही. मात्र शंभर ग्रॅम ताज्या घोळीत सुमारे पाचशे मिलिग्रॅम पोटॅशियम असते आणि ऑक्झॅलेटचे प्रमाण फारच मोठे असते. अश्मरीच्या रुग्णास ‘लघवी सुटण्यासाठी’ घोळीचा कच्चा रस देणे म्हणजे खड्याला माती पुरविणे होय. कारण बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचेच असतात. इतरांनी ती दह्या-ताकाबरोबर खावी, कारण दुग्धजन्य कॅल्शियमशी ऑक्झॅलेट आतड्यातच बांधले जाते. घरोघरची ताकातली घोळ या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ओळखताना कांड मोडून पाहावे. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, जमिनीलगतची दुधी होय. ती पानात घेऊ नये.

आंबुशी अर्थात चांगेरी, ऑक्झॅलिस कॉर्निक्युलेटा. हिच्याविषयी ऑक्झॅलेटची तीच सूचना. ग्राही, दीपन म्हणून अतिसारानंतरच्या मंदाग्नीत चटणीच्या रूपाने चमचाभर पुरते. बालकांच्या गुदभ्रंशात चांगेरी घृताचा अनुभव चांगला आहे. ते घरी करावयाचे औषध नाही, एवढे पालकांस सांगावे.

तांदुळजा सर्वांना ठाऊक आहे. काटेमाठाचे मूळ तंडुलोदक व मधाबरोबर प्रदरात देण्याचा चरकोक्त योग अजूनही आजीबाईंच्या तोंडी असतो, आणि तो कार्य करतो म्हणूनच धोका आहे. चाळिशीनंतरच्या अनियमित रक्तस्रावात या मुळाने स्राव थांबतो, रुग्णा समाधानाने घरी बसते आणि गर्भाशयाची तपासणी सहा महिने लांबते. स्तंभन करण्यापूर्वी कारण शोधावे.

वॉरफॅरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्या रुग्णाने कोणतीही हिरवी पालेभाजी एकाएकी वाढवू किंवा सोडू नये, कारण जीवनसत्त्व के बदलले की त्या औषधाची मात्रा चुकते. हृदयाची झडप बदललेले रुग्ण आपल्याकडे येतात तेव्हा हे त्यांना विचारलेच पाहिजे.

टाकळा आणि कासविंदा

कोकणात पहिल्या पावसाची भाजी म्हणजे टाकळा. गोव्याकडे टायकिळो, विदर्भ-मराठवाड्यात तरोटा. कोवळा पाला, फणसाच्या आठळ्या, खोबरे. हे शाक खाल्ले नाही असा सिंधुदुर्गातील मनुष्य विरळा. चक्रमर्द, दद्रुघ्न ही त्याची नावे त्याच्या त्वचारोगावरील उपयोगाची साक्ष देतात. बीजाचा लेप कांजीत किंवा ताकात वाटून दद्रूवर आपण सर्वच जण वापरतो.

त्याचा सोबती कासविंदा, कासमर्द. भावप्रकाशाच्या शाकवर्गात या दोघांच्याही पत्रांचा उल्लेख आहे, तेव्हा पत्राविषयी वाद नाही. प्रश्न शेंगांचा व बीजांचा आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनौर व लगतच्या जिल्ह्यांत पावसाळ्यानंतर दरवर्षी लहान बालके अकस्मात उलट्या, भ्रम, मूर्च्छा होऊन दगावत असत. कित्येक वर्षे तो विषाणुजन्य मेंदूज्वर समजला गेला. डॉ. विपिन वशिष्ठ, डॉ. टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दाखविले की हा मेंदूज्वर नसून यकृत, स्नायू आणि मेंदू या तिन्हींवर आघात करणारी विषबाधा आहे, आणि तिचे कारण मुलांनी खेळता खेळता खाल्लेल्या कासविंद्याच्या शेंगा होत. पुढे २०१६ साली ओडिशातील मलकानगिरी जिल्ह्यात बालमृत्यूंची लाट आली, तेव्हा काही बालकांत जपानी मेंदूज्वर सापडला. उरलेल्यांच्या बाबतीत तज्ज्ञांनी ‘बडा चाकुंडा’ या वनस्पतीकडे बोट दाखविले. बडा चाकुंडा म्हणजे कासविंदाच. आणि नुसता चाकुंडा म्हणजे टाकळा. एका विशेषणाचा काय तो फरक!

म्हणून हा भेद घरातील स्त्रियांना व मुलांना दाखवून द्यावा. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या तीन जोड्या असतात, पर्णिका टोकाकडे रुंद व बोथट असतात आणि सायंकाळी मिटतात. शेंग बारीक, लांब, धनुष्यासारखी वळलेली असते. कासविंद्यात बहुधा चार-पाच जोड्या, पर्णिका टोकदार, चुरडल्यास उग्र दुर्गंध. शेंग चपटी, रुंद, फिकट कडांची असते. पावसाळ्याच्या आरंभी वीतभर रोपे असताना शेंगेचा आधार नसतो, तेव्हा पर्णिकांचे टोक हीच खूण. परसात कासविंदा असेल आणि घरात पाच वर्षांखालील मूल असेल तर शेंगा धरण्यापूर्वी तो उपटून टाकावा, असे मी सांगतो. कासावर पाने हवी असतील तर ती त्याआधी तोडून वाळवता येतात. अशा घरातील मूल ज्वरावाचून अचानक बरळू लागले, उलट्या करू लागले, तर शेंगांविषयी विचारावे आणि घरगुती उपचारात एक घटकाही न दवडता रुग्णालयात पाठवावे.

भुई आवळी

कावीळ म्हटली की भुई आवळीचा रस, हे आपल्या समाजात इतके रूढ आहे की वैद्यापर्यंत येण्याआधी चार दिवसांचा रस पोटात गेलेला असतो. १९८८ साली लॅन्सेटमध्ये चेन्नईतील त्यागराजन व सहकाऱ्यांचा निबंध आला. हिपॅटायटिस बीच्या वाहकांपैकी फायलॅन्थस अमारस घेणाऱ्या ३७ जणांतील २२ जणांचे पृष्ठजन्य प्रतिजन नाहीसे झाले, तुलनागटात २३ पैकी एकाचेच. आपल्या सभांतून हा निबंध अद्याप मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. त्यानंतर थायलंड व न्यूझीलंड येथे झालेल्या प्रयोगांत तसा परिणाम मिळाला नाही, हे मात्र सांगितले जात नाही. अर्धी गोष्ट सांगणे आपल्या शास्त्राला शोभत नाही. तीव्र कावीळ बहुधा आपोआप उतरते, त्यामुळे यश रसाला मिळते. परंतु रुग्ण हिपॅटायटिस बी किंवा सीचा असेल तर आज त्यावर परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत आणि रसाच्या भरवशावर तो काळ गमावतो. तपासणी करून मग भुई आवळी अवश्य द्यावी.

औषधनिर्मात्यांसाठी थोडेसे

ही द्रव्ये बहुधा लागवड करून विकली जात नाहीत. ती गोळा होतात. गोळा करणारा मनुष्य रस्त्याच्या कडेने, कालव्याच्या बांधावरून, बागायती वाफ्यांतून माल आणतो. ग्लायफोसेटसारखे तणनाशक फवारल्यानंतर तण लगेच वाळत नाही. कित्येक दिवस ते हिरवेगार दिसते, आणि याच दिवसांत ते कापले जाण्याची शक्यता असते, कारण शेतमालक त्याला हरकत घेत नाही. म्हणून संकलकाशी बोलताना केवळ दर न ठरवता जागाही ठरवावी. २००० साली औषध व प्रसाधन नियमांत समाविष्ट झालेल्या शेड्यूल टीनुसार कच्च्या मालाची परीक्षा व नोंद ठेवणे बंधनकारक आहेच. ती नोंद पावतीच्या मागे केलेल्या सहीपुरती उरू नये.

पुनर्नवेच्या वाळलेल्या पंचांगात ट्रायान्थिमाची भेसळ ओळखण्याची एक साधी युक्ती आहे. पोते रिकामे करून तळाचा भुगा पांढऱ्या कागदावर पसरावा. काळी, मूत्रपिंडाकार बीजे दिसली तर माल परत करावा. खऱ्या पुनर्नवेच्या तळाशी कंगोरे असलेली, गदेसारखी बारीक फळे मिळतात व ती बोटाला चिकटतात. भुई आवळीत असेच करावे : गुळगुळीत, देठाची फळे फायलॅन्थस अमारसची, खरखरीत, देठावाचून पानाखाली चिकटलेली असतील तर ती फायलॅन्थस युरिनेरिया होय.

चरकाचार्यांनी पहिल्याच अध्यायात गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी औषधींना नामरूपाने ओळखतात असे म्हटले आहे, आणि केवळ त्या ज्ञानावर थांबू नये असेही. आपल्या पिढीची अडचण याच्या उलट आहे. द्रव्यगुणाच्या प्रात्यक्षिकाची वनस्पतिसंग्रह-वही आम्ही वरच्या वर्गातील मित्राकडून तयार घेतली होती, आणि मी एकटाच तसा नव्हतो. गुण-रस-वीर्य पाठ, रूप अपरिचित. टाकळा व कासविंदा मला हातात घेऊन ज्यांनी शिकविले त्या बाजारात रानभाजी विकणाऱ्या कातकरी बाई होत्या. जुडीत चुकून आलेले रोप त्या न पाहता, बोटांनीच चाचपून बाजूला काढतात.

काका त्यानंतर नऊ वर्षे होते. वृक्कतज्ज्ञाचे उपचार आणि माझे पथ्य दोन्ही चालू राहिले. काकू दर पावसाळ्यात परसातील घेटुळी पिशवीतून आणून माझ्या टेबलावर ठेवीत आणि विचारीत, ‘यंदा चालेल का हो?’ मी रक्ताचा कागद मागे.